तेल झोपलेलं असतं

डिसेंबरात सकाळी पावणेसातला फोन वाजला की हल्ली मला आधी तेल आठवतं. गेल्या डिसेंबरापर्यंत असं नव्हतं. तोवर फोन वाजला की नाव बघायचं, एक शिवी गिळायची आणि "हां, बोला" म्हणायचं, एवढंच.

त्या सकाळी पलीकडे चाकणच्या एका कारखान्यातला मेंटेनन्सचा सुपरवायझर होता. "मॅडम, तीनशे टनी बसली," तो म्हणाला. तीनशे टनी म्हणजे तीनशे टन ताकदीची हायड्रॉलिक प्रेस, गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारी. "स्क्रीनवर अलार्म काय आहे?" असं मी विचारणार, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "भुसा आणा रे, भुसा!" मी पांघरूण बाजूला केलं. कारखान्यात लाकडाच्या भुशाला एकच काम असतं. जमिनीवर तेल सांडलं की त्यावर टाकायचं.

"माणसं?"

"माणसं बरी आहेत. एक पोरगं घसरलं, कोपर सोलवटलंय. पण वरच्या फ्लँजची ओ-रिंग फाटून बाहेर आलीय मॅडम. दोन बोल्ट गेले. तेल सगळं खाली." फ्लँज म्हणजे पाइपाचा बोल्टनं आवळलेला जोड, आणि ओ-रिंग म्हणजे त्यातून तेल गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी.

मी ऑटोमेशनवाली. नात्यात कुणाला इंजिनिअर आहे म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "हिंजवडीला, आयटीत का?" "नाही, भोसरीला, कारखान्यांत," म्हटलं की समोरचा चेहरा जरा उतरतो, जणू मुलीनं बी.ई. करून पिठाची गिरणी टाकली. आमचं काम म्हणजे मशीनला डोकं बसवणं. मशीनशेजारी जे लोखंडी कपाट असतं ते पॅनल, आणि त्यात असतो पीएलसी नावाचा एक डबा. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, मोटर कधी थांबवायची, माणसाचा हात आत असला तर काय करायचं, हे तो डबा ठरवतो. डब्यात काय लिहायचं ते आम्ही ठरवतो.

या डब्याची जन्मकथा मला फार आवडते. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सचा गिअरबॉक्स बनवणारा हायड्रामॅटिक विभाग रिलेंच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या, भिंतीएवढ्या पॅनलांना कंटाळला होता. गाडीचं मॉडेल बदललं की रिलेंचं सगळं वायरिंग उपसा आणि पुन्हा करा. त्यावर तोडगा म्हणून डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'मॉडिकॉन ०८४' हा डबा काढला. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ०८४. त्याची भाषा त्यांनी मुद्दाम शिडीसारखी ठेवली. दोन उभ्या रेघा, मध्ये पायऱ्या, हुबेहूब रिलेच्या ड्रॉइंगसारखी. कारण काय, तर कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता आली पाहिजे. रात्री अडीचला मशीन अडलं तर तिथे प्रोग्रॅमर नसतो, इलेक्ट्रिशियन असतो. नव्या मुलांना मी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते. ती मान हलवतात आणि मोबाईल बघतात.

तर, या तीनशे टनीचा प्रोग्रॅम २००६ साली मीच लिहिलेला. गेल्या मे महिन्यात तो आमच्याकडच्या एका मुलानं बदलला होता.

मुलगा हुशार. दोन वर्षं झाली आमच्याकडे लागून. साइटवर पाठवला की कुरकुर करत नाही, डब्यातले थंड पोहे निमूट खातो, आणि आमच्यापेक्षा दुप्पट वेगानं काम उरकतो. कारखान्याला सायकल टाइम कमी करून हवा होता. एक नग काढायला चौदा सेकंद लागत होते. मूळ प्रोजेक्ट फाइल ना कारखान्याकडे होती (ज्या लॅपटॉपवर होती तो कधीच भंगारात गेला), ना आमच्या सर्व्हरवर. मग त्यानं मशीनमधूनच प्रोग्रॅम उलटा काढून घेतला.

त्या काळच्या बऱ्याच पीएलसींची एक खोड आहे. डब्यात फक्त प्रोग्रॅम राहतो. आतल्या गोष्टींना आपण दिलेली नावं आणि शेजारी लिहिलेल्या टिपा लॅपटॉपवरच्या फाइलमध्येच राहतात. त्यामुळे मशीनमधून उलटा काढलेला प्रोग्रॅम नागवा येतो. 'मेन पंप चालू' असं काही दिसत नाही, क्यू ४.२ दिसतं. 'डिकॉम्प्रेशन', म्हणजे दाब उतरवणं, असा शब्द कुठे नसतो. तिथे असतो टी-१२, टायमर नंबर बारा, १.८ सेकंद.

हा नागवा प्रोग्रॅम त्यानं एआयला वाचायला दिला. इथे नाक मुरडायला मला आवडलं असतं, पण खोटं बोलवत नाही. मला दोन दिवस लागले असते ते काम त्यानं दुपारच्या चहाच्या आत केलं. प्रत्येक पायरी काय करते ते साध्या भाषेत मांडून आलं. एका ठिकाणी तर एकच आउटपुट दोन जागी लिहिलं गेलंय, हेही एआयनं पकडलं. ती चूक माझी, २००६ सालची. एकोणीस वर्षं ती तिथे बसून होती आणि कुणाच्या, माझ्याही, लक्षात आली नव्हती. टी-१२ बद्दल आलेलं उत्तरही तसं वाजवी होतं. रॅम (प्रेसचा पत्रा दाबणारा, वर-खाली होणारा भाग) वर उचलण्याआधी हा टायमर थांबवतो, बहुधा दाब उतरण्यासाठी, अशा कामाला अर्धा सेकंद सहसा पुरतो, कमी करून बघायला हरकत नाही. पुस्तकात बघितलं असतं तरी हेच सापडलं असतं.

मुलानं १.८ चं ०.५ केलं. चौदा सेकंदांची सायकल १२.७ वर आली. पाळीत प्रत्यक्ष चालण्याचे सात तास धरले तर अठराशे नगांच्या जागी एकोणीसशे चौऱ्याऐंशी. कारखान्याच्या प्रॉडक्शन मॅनेजरनं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, टाळ्या वाजवणारे हात पडले. मे गेला, जून गेला, दिवाळी झाली. प्रेस लोण्यासारखी चालत होती.

आणि हा बदल माझ्या मंजुरीनं झाला होता. आमच्याकडे नियम आहे, चालू मशीनच्या प्रोग्रॅमला हात लावायचा तर सीनियरनं बघून हो म्हणायचं. त्यानं मला जुनं-नवं शेजारी ठेवून व्यवस्थित पाठवलं होतं. मी तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरांच्या मध्ये अडकले होते. एका कानात दुसऱ्या साइटचा फोन, तिसरीकडून कुणीतरी "मॅडम अर्जंट" लिहीत होतं. मोबाईलच्या वीतभर पडद्यावर मी टी-१२ बघितला, ०.५ बघितलं, अंगठा दाखवला. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्याच हातानं ठेवलेला टायमर मला ओळखू आला नाही. नाव नव्हतं ना त्याला.

डिसेंबरातल्या त्या दुपारी, तेल पुसून झाल्यावर, मी ऑफिसातलं जुनं कपाट उपसलं. त्यात विंडोज एक्सपीचा एक लॅपटॉप आहे. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीला ८ एप्रिल २०१४ ला रामराम ठोकला, आम्हाला तो ठोकता येत नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये जुने प्रोजेक्ट उघडतात ते नव्या विंडोजवर बसतच नाही. म्हाताऱ्या माणसाला सांभाळावं तसा हा लॅपटॉप आम्ही सांभाळतो. बॅटरी मेलेली, कायम चार्जरला लावून. नेटला जोडायची सक्त मनाई. २०१० साली स्टक्सनेट नावाचा व्हायरस उघडकीला आला, पेनड्राइव्हवरून पसरून पीएलसीपर्यंत पोचणारा आणि इराणमधली युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडवणारा. तेव्हापासून कुठल्याही कारखान्याच्या गेटवर आमच्या बॅगेतला पेनड्राइव्ह बॉम्ब असल्यासारखा काढून घेतात. त्यांचं चूक नाही. पण त्यामुळे जुनं काही शोधायचं म्हणजे सीडी.

सीडी सापडली. वर माझंच अक्षर, स्केच पेननं. तिसऱ्या प्रयत्नाला ड्राइव्हनं ती वाचली. प्रोजेक्ट उघडला आणि नावं एकेक करून उजळली, दिवे गेल्यानंतर पुन्हा यावेत तशी. टी-१२ च्या शेजारी मी इंग्रजीत टीप लिहिली होती.

डू नॉट रिड्यूस. आस्क मामा.

मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा होता. "मामा कोण, मॅडम?"

२००६ चा डिसेंबर. प्रेस नवी बसली होती आणि ट्रायलला फक्त तिसऱ्या पाळीत मोकळी मिळायची. तेव्हा कारखाने कायद्याच्या सहासष्टाव्या कलमाप्रमाणे बायकांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करता येत नसे. १९४८ चा कायदा, हेतू चांगला, पण त्या थंडीत त्याचा अर्थ एवढाच होता की प्रोग्रॅम माझा, मशीनपाशी आमचा ट्रेनी, आणि मी गेटबाहेर कंपनीच्या ओम्नी गाडीत शाल गुंडाळून बसलेली. ड्रायव्हर मागच्या सीटवर घोरत होता. वॉचमननं शेकोटी केली होती, पण तिथे चार पुरुष बसलेले, म्हणून मी गाडीतच. लघवीला जायचं तर एक किलोमीटरवर पेट्रोल पंप. आज मुलींना हे सांगितलं की त्या "बाप रे" म्हणतात आणि मग त्यांच्या साइटवरच्या टॉयलेटची कथा सांगतात. त्या कथा माझ्यापेक्षा फार वेगळ्या नसतात.

पहाटे साडेचारला ट्रेनीचा फोन. "मॅडम, आवाज येतोय." दिवसा सगळं नीट चाललं होतं. "कसला आवाज?" त्याला सांगता येईना. मग फोन मामांनी घेतला. मामा म्हणजे कारखान्याचे फिटर. पाटणकडचे, सातवी शिकलेले. सगळा शॉप त्यांना मामा म्हणायचा, मॅनेजरसुद्धा. ते काही न बोलता फोन घेऊन प्रेसवर चढले आणि तो त्यांनी सिलिंडरच्या पाइपाला टेकवला. मला ऐकू आलं. रॅम खाली गेला, दाबला, अर्धा सेकंद शांतता, आणि मग ठाण्ण. देवळातल्या घंटेवर हातोडा मारावा तसं. कान बधिर झाला.

"ऐकलंसा?" मामा म्हणाले. "ताई, त्याल अजून झोपल्यालं हाय. त्येला जागं हुयाला येळ द्या, मग उठवा. न्हायतर पाइप तोडंल त्ये."

हायड्रॉलिकमध्ये तेल दबत नाही असं आपण शाळेत शिकतो. दबतं. २०० बार, म्हणजे हवेच्या सुमारे दोनशेपट दाबाखाली शंभर लिटरमागे सव्वा-दीड लिटर दबतं. तेवढं तेल स्प्रिंगसारखं ताणून बसलेलं असतं. रॅम वर उचलायच्या आधी एक बारीक व्हॉल्व्ह उघडून हा ताण हळूच सोडायचा, मग मोठा व्हॉल्व्ह उघडायचा. ड्रॉइंगमध्ये त्यासाठी अर्धा सेकंद दिला होता आणि दुपारी तो पुरतही होता. पण त्या प्रेसमध्ये अडुसष्ट ग्रेडचं तेल. ही अडुसष्टाची जाडी मोजतात चाळीस अंशांवर. चाकणला डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारावर असतो आणि मशीन रात्रभर बंद असेल तर टाकीतलं तेल त्याच्या कितीतरी पट दाट झालेलं असतं. काकवी बारीक नळीतून उतरायला वेळ घेते, तसं. अर्ध्या सेकंदात ते उतरत नाही, तोच मोठा व्हॉल्व्ह उघडतो आणि उरलेला दाब एकदम पाइपात धावतो. ठाण्ण.

मी गाडीतून आकडे सांगत गेले, ट्रेनी भरत गेला, मामा फोन पाइपाला लावत गेले. एक सेकंद, आवाज आहे. दीड, आहे पण लांबून आल्यासारखा. १.८ ला मामा म्हणाले, "आता गप बसलं." सकाळी सहाला मला आत सोडलं. चहा आला, रिपोर्टवर सही झाली, मी ट्रेनीकडून लॅपटॉप घेतला आणि ती टीप टाकली. पूर्ण कारण लिहायला आणखी तीन ओळी लागल्या असत्या. पण डोळे मिटत होते, आणि मामा होतेच की.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा लिहिली नाही, ती आता लिहिते. टायमर हा मुळात चुकीचा उपाय होता. योग्य उपाय म्हणजे पाइपवर प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून पीएलसीला कळवणारं उपकरण, बसवायचा आणि दाब खरोखर उतरला की मगच व्हॉल्व्ह उघडायचा. मग तेल झोपलेलं असो की जागं. आमच्या पहिल्या कोटेशनमध्ये तो होता. कारखान्याच्या खरेदी खात्यानं, पर्चेसनं, "याच्याशिवाय चालतं का?" विचारलं आणि आमच्या साहेबांनी "चालतं" म्हणून ओळ खोडली. चालतंच ना, म्हणा.

सीडी सापडली त्या संध्याकाळी मी मामांना फोन लावला. ते २०१७ ला निवृत्त झाले, आता गावी असतात. नंबर तोच. मी नाव सांगून प्रेसचं बोलायला लागले तर मध्येच म्हणाले, "डिसेंबर हाय न्हवं? कुणी टायमर कमी केला काय?" स्पीकरवर होतं. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

त्याला मी रागावले नाही. कुठल्या तोंडानं रागावणार? पण दुसऱ्या दिवशी टपरीवर तोच म्हणाला, "मॅडम, म्हणजे जुन्या कोडला हातच लावायचा नाही का?" मग मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. आमच्या धंद्यातल्या जुन्याच आहेत, कॉलेजात कुणी सांगत नाही.

पहिली, थेराक-२५ ची. कॅन्सरवर किरणोपचार करणारं कॅनडात बनलेलं यंत्र. त्याच्या आधीच्या मॉडेलात, थेराक-२० मध्ये, चुकीचा डोस जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअरपासून वेगळी अशी विजेची आणि यांत्रिक अडसरं होती. नव्या मॉडेलात ती काढून टाकली, सॉफ्टवेअर सांभाळून घेईल म्हणून. १९८५ ते १९८७ मध्ये किमान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण लागले, काही दगावले. नंतर कळलं की सॉफ्टवेअरमधली तसलीच चूक थेराक-२० मध्येही होती. फक्त तिथे फ्यूज उडायचा आणि रुग्ण वाचायचा. फ्यूज का उडतोय हे मात्र कुणी खोदून विचारलं नव्हतं.

"म्हणजे काढायचं नाही," तो म्हणाला.

थांब, म्हटलं. दुसरी ऐक. ४ जून १९९६, एरियन-५ चं पहिलं उड्डाण. दिशा सांभाळणारं सॉफ्टवेअर एरियन-४ मधून जसंच्या तसं उचललं होतं. त्यात उड्डाणाआधी यंत्रणा स्थिर करणारा एक भाग होता, तो उड्डाणानंतरही चाळीसेक सेकंद चालू राहायचा. एरियन-४ ला त्याचं कारण होतं. उलटी गणती मध्येच थांबली तर सगळं पहिल्यापासून करावं लागू नये, म्हणून. एरियन-५ ला उड्डाणानंतर त्याचा काही उपयोग नव्हता, पण चालतंय तर राहू द्या म्हणून राहिला. नवं रॉकेट जास्त वेगवान. आडव्या वेगाशी निगडित एक आकडा सोळा बिटांच्या खणात मावेना, गणित कोसळलं आणि सदतिसाव्या सेकंदाच्या सुमाराला रॉकेटला दिशा सांगणारं कुणी उरलं नाही.

"मग काढायचं की ठेवायचं?" मुलगा हसत म्हणाला, पण वैतागून. त्याचं बरोबर होतं. मी तरी काय उत्तर देणार? एकांनी का आहे ते न विचारता काढलं, दुसऱ्यांनी का आहे ते न विचारता ठेवलं. माझ्या 'डू नॉट रिड्यूस'नं त्याचा हात थांबला असता, एवढंच. उद्या त्या प्रेसमध्ये वेगळ्या ग्रेडचं तेल घातलं किंवा हीटर बसवला तर तेच वाक्य पाळीमागे एकशे चौऱ्याऐंशी नग फुकट घालवत बसलं असतं, आणि तेव्हाचा कुणीतरी ते देवाचा शब्द म्हणून पाळत राहिला असता.

एआय खोटं बोललं, असं मी म्हणणार नाही. त्याला दिलेल्या कागदावर कारण नव्हतंच. माणसाला माहीत नसलं की तो चाचरतो, डोकं खाजवतो, "मामांना विचारा" म्हणतो. त्या चाचरण्यावरून आपल्याला कळतं की इथे जमीन पोकळ आहे. मामांचं 'त्याल झोपल्यालं हाय' एआयला कुणी सांगितलेलं नाही, आणि ज्या चोपडीत ते लिहायचं ती चोपडी आमच्याकडे नाहीच. असती तर त्यानं ती मिनिटात वाचली असती आणि बहुतेक माझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवली असती.

चोपडी का नाही, तर तिला कोटेशनमध्ये ओळ नाही. आमच्या कोटेशनमध्ये पॅनल असतं, केबल असते, कमिशनिंगचे, म्हणजे मशीन चालू करून देण्याचे, मॅन-डे असतात, गाडीभाडं असतं. शेवटी 'डॉक्युमेंटेशन' अशी एक ओळ असते आणि घासाघीस सुरू झाली की तीच पहिली खोडतात. मी या बाजूला बसून कितीदा म्हटलंय, "ते आमच्याकडून फ्री." फ्री म्हणजे होणार नाही, हे दोघांनाही माहीत असतं.

मग कारण माणसात ठेवायचं. पण माणसं कुठे ठेवतात? मामांच्या जागी आता कंत्राटी मुलं आहेत. चांगली मुलं, पण सात-आठ महिन्यांनी बदलणारी. यातल्या कुणाच्या वाट्याला एकाच मशीनचे दोन डिसेंबर येत नाहीत. आमच्याकडे तेच. मुलं तीन वर्षं साइटवर घासतात, हात बसतो न बसतो तोच हिंजवडीतलं कुणीतरी दुप्पट पगार देतं. मी कुणाला अडवत नाही. अडवायला कंपनीनं नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड ठेवलाय. त्यातले पहिले सत्तर दिवस त्या मुलाला नव्या साइटवर राबवतात आणि शेवटच्या वीस दिवसांत म्हणतात, "अरे, केटी देऊन जा." केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. वीस दिवसांत तो फोल्डर कुठे आहेत ते सांगतो. पण कान कुठे लावायचा ते कुठल्या फोल्डरमध्ये ठेवणार?

या सगळ्याला आमच्या धंद्यात एकच जुगाड आहे, फोन. कागदावर नाही, माणूस टिकत नाही, तर ज्याला आठवतं त्याचा नंबर ठेवा आणि केव्हाही लावा. फ्रान्सनं २०१७ पासून कामानंतर फोन-मेल न बघण्याचा हक्क कायद्यात घातला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तशा हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये मांडलं आणि २०२५ मध्ये पुन्हा. मला तो हक्क मनापासून हवाय. माझ्या नवऱ्याला तर माझ्यापेक्षा जास्त हवाय. पण त्या सकाळी मी फोन उचलला नसता तर त्यांनी बोल्ट बदलून प्रेस तशीच पुन्हा चालू केली असती, आणि पुढच्या वेळी घसरलेल्या पोराचं कोपरावर निभावलं नसतं. फोन बंद ठेवायचा हक्क द्यायचा तर त्याआधी चोपडीला पैसे द्यावे लागतील. ते कुठल्या विधेयकात येत नाही.

असो. प्रेस दुरुस्त झाली. टायमर पुन्हा १.८ वर. मुलानं स्वतःहून प्रेशर ट्रान्समीटरचं कोटेशन बनवलं. रेंज, केबल, बसवणूक, प्रोग्रॅममधला बदल, सगळं मुद्देसूद. खाली एक परिच्छेद जोडला, हे का लागतं त्याचा. इतकं स्वच्छ कारण मी आयुष्यात कुठल्या कोटेशनमध्ये वाचलं नव्हतं. पर्चेसकडून आठवड्यानं उत्तर आलं. टायमरवर चालतंय ना, मग सध्या होल्डवर ठेवूया.

महिनाअखेरीस आम्ही दोघं पहाटे पाचला तिथे गेलो, थंड तेलावर एकदा ऐकून घ्यायला. कायदा आता बदललाय. संमती घेऊन, सुरक्षेची नि गाडीची सोय करून बायकांना रात्रपाळीत घेता येतं. गेटवर एका फॉर्मवर सही केली आणि मी आत गेले, इतक्या सहज की पाय क्षणभर अडखळले. मुलानं प्रेसवर चढून पाइपाला कान लावला. मी खालून सायकल दिली. रॅम गेला, दाबला, थांबला, आला. तो खाली उतरला, "गप आहे," म्हणाला आणि पॅनलचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला त्यानं कागद आणून चिकटवला होता, वरून रुंद सेलोटेप, तेलाचे हात लागले तरी पुसता यावं म्हणून. मराठीत, ठळक अक्षरात.

'टायमर १२ : १.८ सेकंद. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तेल दाट असतं, दाब उतरायला वेळ लागतो. कमी केला तर वरचा फ्लँज फुटेल. तेलाचा ग्रेड बदलला किंवा हीटर बसवला तर कमी करता येईल, पण आधी थंड तेलावर पाइपाला कान लावून बघा. शंका असल्यास फोन करा.'

खाली मोबाईल नंबर होता. मी चष्मा वर करून बघितला. माझा.